पऱ्याकाठचा रानमका आणि मक्याची खरी भावकी

सड्यावरचा (धागाकर्ता)

गेला आठवडाभर आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला माणसाच्या उंचीचं गवत, मक्यासारखी रुंद पाती आणि मधून मधून लोंबणारे राखाडी, चकचकीत मणी. खाली मजकूर असा, की हाच मक्याचा मूळपुरुष, मका परदेशातून आलाच नाही, कोकणातून जगभर गेला, खरे कोकणी असाल तर पुढे पाठवा. मी खरा कोकणी आहे आणि पुढे पाठवलेला नाही. ग्रुपवर खुलासा टाकला तर दोन काका ग्रुप सोडतील आणि तिसरे शिमग्याला घरी येणार नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

फोटोतलं गवत म्हणजे कसई. रानमका, रानजोंधळा असंही म्हणतात. शास्त्रीय नाव कॉइक्स लॅक्रिमा-जोबी. आमच्या राजापूर-लांज्याकडे पऱ्यांच्या काठाला, भातखाचरांच्या ओलसर बांधांवर आपसूक येतं. मक्याशी याचं नातं आहे, तेवढं खरं. पण पूर्वज? अजिबात नाही.

मक्याचा पूर्वज टिओसिंटे. मेक्सिकोच्या नैऋत्येला बाल्सास नदीचं खोरं आहे, तिथल्या डोंगरउतारांवर हे गवत आजही रानोमाळ उगवतं. मक्याचे ठिकठिकाणचे वाण आणि टिओसिंटे यांची जनुकं ताडून पाहिलेला अभ्यास २००२ साली आला. त्यात सगळ्या मक्याचं मूळ एकाच ठिकाणी, याच खोऱ्याकडे निघालं, आणि काळ निघाला सुमारे ९००० वर्षांपूर्वीचा. पुढे त्याच खोऱ्यातल्या शिवातोश्तला नावाच्या कपारीत ८७०० वर्षांपूर्वीची दळायची-वाटायची दगडी अवजारं मिळाली. त्यांच्या खाचांत मक्याच्या पिठाचे सूक्ष्म कण अडकून राहिले होते. पाटा नीट न धुण्याचे असेही फायदे.

आता टिओसिंटेचं कणीस. कणीस म्हणायलाही संकोच वाटतो. बोटाएवढी काडी, तिच्यावर पाच ते बारा दाणे, दोन ओळींत एकाआड एक. प्रत्येक दाणा आपापल्या टणक कवचात बंद. पिकलं की काडी सांध्यासांध्यात तुटते आणि दाणे खाली सांडतात. गुराने खाल्ले तरी कवचामुळे त्यातले काही पोटातून सहीसलामत बाहेर येतात. झाडही एका दांड्याचं नसतं, बुंध्यापासून फुटवे फुटून झुडूप झालेलं असतं. याच्या शेजारी आठवडी बाजारातलं मक्याचं कणीस ठेवून बघा. शेकडो दाणे, सगळे उघडे, दांड्याला घट्ट धरलेले, वरून पानांची गुंडाळी. हे कणीस तसंच रानात पडलं तर सगळे दाणे एका जागी रुजून एकमेकांचाच जीव घेतील. माणसाने सोलून, दाणे सुटे करून पेरल्याशिवाय मक्याला पुढची पिढी नाही.

दोघं इतकी वेगळी दिसतात की शास्त्रज्ञांनी टिओसिंटेला बराच काळ वेगळ्याच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) टाकलं होतं. हार्वर्डचे पॉल मँगल्सडॉर्फ यांचं म्हणणं, मक्याचा पूर्वज एखादा नामशेष झालेला जंगली मकाच असणार आणि टिओसिंटे हे ट्रिप्सॅकम नावाच्या गवताशी मक्याचा संकर होऊन झालेलं. त्यांच्या विरोधात उभे राहिले जॉर्ज बीडल. त्यांनी १९३९ साली मांडलं की टिओसिंटे हाच बाप, आणि चार-पाच जनुकं बदलली की काम झालं. एवढं कठीण कवच असताना माणसाने हे खाल्लं तरी कसं, असं विचारणाऱ्यांना त्यांनी टिओसिंटेच्या लाह्या फोडून दाखवल्या. कवचासकट तापवलं की दाणा फुटून बाहेर येतो!

याच बीडल यांना १९५८ साली नोबेल मिळालं, ते मात्र बुरशीवरच्या कामासाठी. निवृत्तीनंतर गडी पुन्हा टिओसिंटेकडे वळला. मेक्सिकोत मका आणि टिओसिंटेच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० झाडं वाढवून तपासली. साधारण पाचशे झाडांत एक अगदी मक्यासारखं आणि एक अगदी टिओसिंटेसारखं निघालं. चार जनुकांचा खेळ असता तर हे प्रमाण २५६ त एक आलं असतं, पाचांचा असता तर १०२४ त एक. आकडा बरोबर मधे पडला. नंतर जॉन डोब्ली यांच्या चमूने त्यातली मोठी जनुकं हुडकून काढली. टीबी-१ नावाचं जनुक फुटवे आवरतं. मक्यात ते जास्त जोरात चालतं, कारण त्याच्याजवळ एक उडी मारणारा डीएनएचा तुकडा येऊन बसलाय. टीजीए-१ हे दुसरं. त्यातल्या एका बदलाने दाण्याभोवतीचं कवच मिटलं आणि दाणा उघडा पडला.

कसईच्या मण्याला या गोष्टीत कुठे जागा आहे, ते जाणकारांनी सांगावं. आणि तुमच्याकडे कसई कुठे दिसते तेही लिहा.

व्हाळाकाठी

आमच्या व्हाळार ह्यां भरपूर येता. ल्हान असताना आमी मणी जमवून सर ओवायचंव. भोक पाडूचा लागना नाय, मण्याक आधीच असता. आता व्हाळाक दोनय बाजून दगडी पिचिंग केल्यानी, तेच्यात सगळा गेला. वरच्या अंगाक थोडा ऱ्हवला हा.

बाकी ह्यां खातत काय हो? आमच्याकडे कोणाक खाताना बघूक नाय.

कातळफूल

सड्यावरचा, छान धागा. वनस्पतिशास्त्र शिकले आहे आणि गवतं हा माझा आवडता छळ आहे, त्यामुळे भर घालते.

व्हाळाकाठी, खातात तर. नागालँड, मेघालयाकडे याची शेतीच होते, शिजवून खातात आणि त्याची बियरही करतात. चीन, जपान, कोरियातही खाण्यात आणि औषधात आहे. फक्त तो मऊ कवचाचा प्रकार, बोटाने फुटतो. आपल्या पऱ्यावरचा जंगली प्रकार दाताखाली घेऊ नका, दंतवैद्याचं बिल मला पाठवाल.

आता मणी. सप्टेंबरात हिरवा असताना एक खुडून हातात घ्या. वरच्या तोंडातून दोन बारीक, तंतूसारखी टोकं बाहेर आलेली दिसतील. ती स्त्रीफुलाची. त्याच तोंडातून एक छोटा झुपका बाहेर लोंबत असतो, ती नरफुलं. म्हणजे मादी मण्याच्या आत आणि नर बाहेर. बी पिकलं की झुपका गळून पडतो आणि वरचं तोंड मोकळं होतं. मणी देठापासून सुटतो तिथे खालचं भोक. म्हणून सर ओवताना सुई थेट आरपार जाते.

हा मणी म्हणजे बी नव्हे आणि फळाची सालही नव्हे. तो पानाचा खालचा भाग आहे. गवताचं पान दांड्याला जिथे वेढून असतं ना, तो वेढा इथे फुगून, कडक होऊन बंद झालाय. टिओसिंटेचं कवच वेगळ्याच अवयवाचं आहे. तिथे कणसाच्या काडीचं पेर खोलगट होतं, दाणा त्या खळग्यात बसतो आणि वरून एक कठीण तूस झाकण लावतं. दोघांनीही दाणा चिलखतात घातला, पण चिलखत घडवलं वेगवेगळ्या मालातून. ‘सारखं दिसतं म्हणजे बाप’ हा फॉरवर्डवाल्यांचा हिशोब इथेच कोसळतो.

मात्र गंमत अशी की ही फसगत जुनी आहे आणि मोठमोठ्यांची झाली आहे. नर आणि मादी फुलं वेगळी असलेली ही सगळी गवतं पूर्वी एका गटात, मेडीमध्ये, ठेवायचे. अमेरिकेकडचे झिया (मका आणि टिओसिंटेची प्रजाती) आणि ट्रिप्सॅकम, आशियाकडचे कॉइक्स, चिओनाक्ने, पॉलिटोका, स्क्लेरॅक्ने आणि ट्रायलोबॅक्ने. आता डीएनएवरून कळतं की अमेरिकेतले दोघे एकमेकांचे सख्खे आणि आशियातले लांबचे. सगळ्यांचं मोठं घराणं एकच, अँड्रोपोगोनी. त्यात ज्वारी आहे, ऊस आहे, गवती चहा आहे, वाळा आहे. म्हणजे चहात टाकता ती पात आणि माठात टाकता ते मूळ, दोन्ही मक्याच्या भावकीतली.

यातलं ट्रायलोबॅक्ने लक्षात ठेवा. ट्रायलोबॅक्ने कुकी. अख्ख्या प्रजातीत ही एकच जाती, आणि ती आपल्या पश्चिम घाटाचीच. कुकी हे नाव थिओडोर कुक यांच्यावरून. पुण्यात इंजिनियरिंग कॉलेजचे प्राचार्य असलेल्या या माणसाने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जाडजूड नोंद छापून काढली. अभिमानच हवा असेल तर हे घ्या, खोट्या मूळपुरुषाची गरज नाही. आणि सड्यावरचा, तुमच्या नावातच जांभ्याचा सडा आहे. पावसाळ्यात त्या सड्यावर वीतभर उंचीची ग्लायफोक्लोआ उगवते. हीसुद्धा याच घराण्यातली आणि भारताच्या दक्षिण भागाबाहेर कुठे नाही. तिच्यातल्या एका जातीचं नावच रत्नागिरीवरून आहे.

मंडणगडची_सून

कातळफूलताई, प्रतिसाद आवडला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या पोरांना मक्याच्या कणसाच्या ओळी मोजायला लावल्या होत्या. कुणाच्या बारा, कुणाच्या चौदा, कुणाच्या सोळा. एकाने तेरा सांगितल्या. सगळ्यांनी मिळून पुन्हा मोजल्या तर चौदा. नेहमी समच का येतात? पोरांना मी “पुढच्या आठवड्यात सांगते” म्हणून वेळ मारून नेली आहे. वाचवा.

कातळफूल

ताई, कणसावर फुलं जोडीजोडीने येतात. प्रत्येक खळग्यात दोन, आणि दोन्हींना दाणा धरतो. म्हणून ओळी जोडीनेच वाढतात. टिओसिंटेत जोडीतलं एक फूल खुंटतं, दाणा एकालाच धरतो, आणि खळगेही दोनच बाजूंना असतात. म्हणून त्याच्या फक्त दोन ओळी.

पोरांना अजून एक दाखवा. कोवळं कणीस हळूच सोला आणि एक केस धरून मुळाशी जा. तो एका दाण्याला जाऊन भिडतो. दर दाण्यामागे एक केस. ज्या केसाला पराग लागला नाही, त्याचा दाणा भरत नाही. भाजलेल्या कणसात मधेच दोन-चार दाणे बसलेले नसतात, ते यामुळे. कणसाचं टोक बोडकं राहतं त्यालाही बऱ्याचदा हेच कारण. टोकाकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात, तोवर तुऱ्यातला पराग संपत आलेला असतो.

जुना_कागद

सगळं वाचलं. पण मक्याच्या परदेशी मुळाबद्दल तुम्ही फार खात्रीने बोलताय. कर्नाटकात सोमनाथपूरचं केशव मंदिर आहे, तेराव्या शतकातलं, होयसळांच्या काळातलं. तिथल्या मूर्तींच्या हातात चक्क कणसं आहेत, दाण्यांच्या ओळींसकट. मी स्वतः पाहिली आहेत. कोलंबस १४९२ चा. मग ही कणसं आली कुठून?

सड्यावरचा

जुना_कागद, तुमची वाटच बघत होतो. हा मुद्दा तुमच्या-माझ्या आधी कार्ल जोहानसेन आणि अ‍ॅन पार्कर यांनी १९८९ साली मांडला होता. जोहानसेन अमेरिकेत ओरेगनचे भूगोलाचे प्राध्यापक. त्याला मक्यावर काम करणाऱ्या पायक आणि सचान या भारतीय शास्त्रज्ञांनीच उत्तर दिलं, की ती मक्याची कणसं नाहीत, मोत्यांनी मढवलेलं मुक्ताफळ आहे. होयसळांचा शिल्पकार दागिन्याचा एकेक मणी मोजून कोरणारा. त्याच्या हातून फळावर मोत्यांच्या ओळी आल्या यात नवल ते काय?

शिल्प बाजूला ठेवू. मका तेराव्या शतकात एवढा होता की देवाच्या हातात गेला, तर मग तो शेतात, चुलीत, कणगीत कुठेतरी सापडायला हवा. उत्खननांत जळके तांदूळ मिळतात, नाचणी मिळते, ज्वारी मिळते. कोलंबसाच्या आधीचा, वाद नसलेला मक्याचा एक दाणा अजून भारतात मिळालेला नाही. आणि आपल्या मक्याची जनुकं अमेरिकेकडेच बोट दाखवतात. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला.

आणि त्यात कमीपणा कसला? काजू ब्राझीलचा. मिरची, पपई, अननस, सगळे तिकडचे. म्हणून मालवणी मसाला परका झाला का?

जुना_कागद

मुक्ताफळ हे उत्तर मला आजही पटत नाही, पण जळक्या दाण्याचा मुद्दा वजनदार आहे. तूर्तास थांबतो.

खवय्यी

विषय गंभीर चाललाय, क्षमस्व. पण मक्याचे कोवळे दाणे, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि वरून लिंबू, एवढंच करून बघा. फोडणीत हिंग जपून. आमच्या सासूबाई त्यात काजूगर घालतात, ते मात्र मला जास्तीचं वाटतं.

व्हाळाकाठी

काजूगर जास्ती? ह्यां कोण बोलला रे!

बागायतदार_गुहागर

सगळ्यांनी अमेरिका-मेक्सिको फिरवून आणलंत, आता जरा आमच्या शेतात या. मी भात काढल्यावर नोव्हेंबरात थोडा स्वीट कॉर्न करतो. दर बरा मिळतो, पर्यटक आले की गाडीवाले घरी येऊन घेऊन जातात. वानरं आणि डुकरं त्यांचा वाटा आधी काढून घेतात तो भाग वेगळा. पण पावसाळ्यात मका करायचा प्रयत्न केला की हात पोळतात. जुलैत चार दिवस पाणी साचलं की पानं पिवळी पडतात आणि मुळं कुजून जातात. नुसत्या वरकसावर (वरच्या माळजमिनीवर) उतार आहे तिथे जगतो.

दुसरं म्हणजे दोन म्हशी आहेत. मकचरी नावाचा चारा ऐकलाय. ती आणि तुमची टिओसिंटे एकच का? लावावी का?

निवांत_दुपार

बागायतदारांचा प्रश्न बरोबर आहे. मला तर सरळच विचारायचंय, या रानटी भावकीचा शेतकऱ्याला उपयोग काय? नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने चांगलं ते घेतलं, वाईट ते टाकलं. टाकलेल्याचं कौतुक कशाला?

कातळफूल

निवांत, माणसाने चांगलं तेवढंच घेतलं असं नाही. हाताला लागलं तेवढं घेतलं. बरंच चांगलं मागे रानात राहिलं.

बागायतदारांच्या साचलेल्या पाण्याचंच बघू. निकाराग्वाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, फोन्सेका आखाताजवळच्या सखल दलदलीत टिओसिंटेची एक वेगळी जाती आहे, झिया निकाराग्वेन्सिस. २००० साली तिला स्वतंत्र जाती म्हणून नाव मिळालं. पावसाळ्यात ही गुडघ्याच्या आसपास साचलेल्या पाण्यात महिनोन् महिने उभी असते. आपल्यासारखाच किनारा, आपल्यासारखाच पाऊस, आणि झाड मजेत.

ती हे कसं करते ते बघा. पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि मूळ गुदमरतं. तुमच्या मक्याची पानं पिवळी पडतात ती यामुळे. या टिओसिंटेच्या मुळांत हवेच्या लांब पोकळ्या असतात, भाताच्या मुळांत असतात तशाच. पानांकडून आलेली हवा त्यातून खाली उतरते. नुसत्या पोकळ्यांनी भागत नाही, कारण वाटेतच हवा बाहेर झिरपून जाईल. म्हणून मुळाच्या बाहेरच्या थरात एक अडसर तयार होतो, त्यामुळे हवा टोकापर्यंत पोचते. शिवाय पाणी चढलं की जमिनीलगतच्या पेरांतून वरच्यावर नवी मुळं फुटतात. जपानमधले शास्त्रज्ञ हे गुण संकराने मक्यात आणण्याचं काम बरीच वर्षं करतायत, आणि तो अडसर मक्यात उतरवून दाखवलाही आहे. शेतकऱ्याच्या हातात बियाणं पडायला अजून वेळ आहे, उगाच आशा लावत नाही. पण जुलैत कुणग्यात (भाताच्या खाचरात) उभा राहणारा मका कधी आलाच, तर तो त्या दलदलीतून येईल.

ती जाती जंगलात अगदी थोड्या जागी उरली आहे. गुरं चारून आणि जमिनी नांगरून बाकीची गेली.

सड्यावरचा

निवांतसाठी अजून एक. १९७० साली अमेरिकेत पानांवरच्या करप्याने एका हंगामात मक्याचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. कारण? संकरित बियाणं स्वस्तात करता यावं म्हणून बहुतेक कंपन्यांनी मादी वाणांत एकाच उगमाचं, तुऱ्यात पराग धरू न देणारं पेशीद्रव्य वापरलं होतं. त्याच्यातला दुबळेपणा सगळ्या शेतांत एकदम पोचला. तेव्हा लोकांना रानातली भावकी आठवली.

आणि हा किस्सा मला फार आवडतो. ह्यू इल्टिस नावाचे विस्कॉन्सिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात त्यांनी नववर्षाच्या शुभेच्छापत्रावर झिया पेरेनिस या बारमाही टिओसिंटेचं चित्र छापलं आणि लिहिलं की ही रानातून नामशेष झाली. एक पत्र ग्वादालाहाराच्या विद्यापीठात लूस मारिया पुगा यांच्याकडे गेलं. बाईंनी विद्यार्थ्यांना सांगितलं, जा, शोधून काढा आणि त्यांना खोटं पाडा. राफाएल गुझमान हा विद्यार्थी खरंच निघाला. ‘नामशेष’ झाड त्याला सापडलं. मग दुसरीकडे असंच झाड असल्याची बातमी लागली म्हणून तो सिएरा दे मानान्त्लानच्या डोंगरात गेला, तर तिथे वेगळीच जाती! तीही बारमाही, पण गुणसूत्रं मक्याइतकीच, २०. झिया पेरेनिसची ४०. म्हणजे ही नवी जाती मक्याशी सहज जमणारी. १९७९ साली तिला नाव मिळालं, झिया डिप्लोपेरेनिस. मक्याच्या अनेक विषाणूरोगांना ती दाद देत नाही, असं नंतर दिसलं. १९८७ साली तो सगळा डोंगर राखीव झाला. एका गवतासाठी!

आपल्याकडे पऱ्याचा काठ साफ करताना काय काय उपटलं हे कुणी बघतही नाही. आमच्याकडे तर यंदा तणनाशक मारून ‘स्वच्छता’ झाली. कुणी मारलं ते लिहीत नाही, गावात राहायचंय.

निवांत_दुपार

पुगाबाईंचा किस्सा भारी. उपयोगाचं मान्य. कौतुकाचं अजून विचारात.

बागायतदार_गुहागर

मुळांचं समजलं. मकचरीचं राहिलं.

कातळफूल

हो, मकचरी म्हणजे टिओसिंटेच. आपल्या देशात ती चाऱ्यासाठी लावतात. भरपूर फुटवे, भरपूर पाला, म्हशी आवडीने खातात. बी टणक असतं, रात्रभर भिजवून पेरा. पावसाच्या सुरुवातीला वरकसाच्या उतारावर लावा. मक्यापेक्षा ओल जास्त सोसते, पण ही निकाराग्वावाली नव्हे, तेव्हा कुणग्यात लावून मला शिव्या देऊ नका.

आता महत्त्वाचं. मकचरी आणि मका यांचा संकर होतो, आणि संकराला बीही धरतं. दोन्ही एका वेळी तुऱ्यावर असतील आणि मकचरीचा पराग तुमच्या स्वीट कॉर्नच्या केसांवर पडला, तर तो दाणा गोड होणार नाही. गोडवा ज्या जनुकामुळे आहे ते दबणारं जनुक आहे. बाहेरचा पराग आला की त्याच दाण्यात साखरेऐवजी पीठ भरतं. पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही, त्याच कणसात दिसतं. साध्या मक्याचा पराग आला तरी हेच.

तुमच्या बाबतीत वेळा जुळत नाहीत हे बरं. मकचरी दिवस लहान व्हायला लागले की तुऱ्यावर येते, म्हणजे पावसाळा संपता संपता. तुमचा स्वीट कॉर्न नोव्हेंबरचा, त्याचा तुरा जानेवारीत. तोवर मकचरी म्हशींच्या पोटात गेलेली असायला हवी.

सड्यावरचा

आणि बी सांडू देऊ नका. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे मक्याच्या शेतात तण होऊन बसली आहे, २०१४ पासून तिथले शेतकरी तिच्या मागे लागलेत. दाणे आपोआप गळतात, कवच टणक, आणि लहानपणी रोप हुबेहूब मक्यासारखं. खुरपायला बसलं तरी ओळखू येत नाही.

बागायतदार_गुहागर

म्हणजे तुरा दिसला की कापायची, बी धरू द्यायचं नाही. मग पुढच्या वर्षीचं बियाणं?

कातळफूल

दर वर्षी विकत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चाऱ्याच्या बियाण्याची चौकशी करा, मे उजाडण्याआधी. पहिल्या वर्षी दोन गुंठेच लावा, म्हशींना रुचतंय का ते बघा.

बागायतदार_गुहागर

दोन गुंठे ठीक. विहिरीच्या वरच्या अंगाला वरकसाचा तुकडा रिकामा आहे, तिथे टाकतो. आणि वानरांचं?

कातळफूल

त्यांच्यावर उपाय मेक्सिकोतही सापडलेला नाही.

व्हाळाकाठी

बागायतदारानू, कसईचे मणी व्हये असतीत तर सांगा. पिचिंगच्या वरच्या अंगाची झाडां दिवाळेपर्यंत पिकतली. माका वायच बी खालच्या अंगाकय टाकूचा आसा, दगडांच्या फटीत रुजता काय बघूया.